पडद्यामागची भाषा

कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिराच्या प्राकारात शिरले की भिंतीवर ओळीने रामायण उलगडू लागते. तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या कारकीर्दीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, हे मंदिर उभे राहिले असे मानतात. प्राकारातील चित्रांपुढून मोठी माणसे हात जोडून सावकाश पुढे सरकतात. मुलांची तऱ्हा निराळी असते. ती जन्म, स्वयंवर, वनवास धावतच ओलांडतात आणि युद्धकांडापाशी येऊन थबकतात. मीही लहानपणी असाच थबकत असे. शिवाय माझी अशी समजूत होती की, आपण पुरेशा वेगाने धावलो तर भिंतीवरची वानरसेना हलू लागेल. कित्येकदा मी तसा धावलो आणि पुजाऱ्यांची बोलणी खाल्ली. वानरसेना हलली की नाही हे आज सांगता येणार नाही. परंतु हलणाऱ्या चित्रांतील लढाईचा मला जो छंद जडला, त्याचा उगम बहुधा त्या प्राकारातच असावा.

दूरचित्रवाणीवरील मारधाडीच्या कार्टून-मालिकांना सुशिक्षित घरांत मान नाही. मुलांचा वेळ खाणारी, डोळे बिघडविणारी, हातपाय झाडावयास शिकविणारी अशीच त्यांची ख्याती. मी मात्र जवळजवळ तीस वर्षे त्या मालिकांचा भक्त आहे. भक्ताला देवाशी भांडण्याचा अधिकार असतो, त्या अधिकाराने मी त्यांच्याशी भांडलोही पुष्कळ. त्या भक्तीचा आणि त्या भांडणाचा थोडा इतिहास येथे सांगावा असे मनात आहे. हा इतिहास वीजतारेपासून सुरू होत नाही. कावेरीकाठच्या ह्या गावात उजळलेल्या पडद्यावरची लढाई दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी येऊन गेली होती, आणि ती आणणारी माणसे घरी मराठी बोलत होती.

प्रथम आमच्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी राजे यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या सैन्याबरोबर आणि सैन्यामागून जी मराठी कुटुंबे ह्या मुलखात उतरली, त्यांचे वंशज आम्ही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाल 1684 ते 1712) यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसाहून अधिक पंडितांस अग्रहार म्हणून दिले. शहाजीराजपुरम हे त्याचे दुसरे नाव. ह्याच शहाजींनी ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक रचले. त्यातील पात्रे तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत बोलतात. एकाच रंगमंचावर पाच भाषा नांदविणारा राजा ज्या दरबारात झाला, त्या दरबाराच्या छायेत वाढलेल्या लोकांना दुसऱ्याच्या भाषेतून करमणूक करून घेण्याचा संकोच कधीच वाटला नाही. सर टी. माधवराव हे 1828 साली ह्याच कुंभकोणमात जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, हा आमचा जुना शिरस्ता होय. 1855 साली तंजावरचे राज्य खालसा झाले तरी शिरस्ता मोडला नाही.

आता पडद्याकडे वळू. तमिळनाडूत ‘तोलपावैकूत्तु’ नावाचा एक खेळ आहे. तोल म्हणजे कातडे, पावै म्हणजे बाहुली, कूत्तु म्हणजे नाट्य. बकऱ्याचे कातडे कमावून, पारदर्शक होईल इतके पातळ करून, त्यावर आकृती कोरतात व रंगवितात. पांढरे कापड ताणून बांधावयाचे, त्यामागे दिवा ठेवावयाचा, आणि दिवा व कापड यांच्यामध्ये ही चित्रे धरून नाचवावयाची. पूर्वी तेलाचा दिवा असे, नंतर विजेचा गोळा आला. कापडाच्या अलीकडे बसलेल्यांस रंगीत सावल्या दिसतात. रामायण साधारणपणे दहा रात्री चालते आणि राज्याभिषेकाने संपते. राम, सीता, रावण, हनुमंत ह्या सर्वांचे आवाज मुख्य खेळ्या एकटाच काढतो. कुटुंबातील माणसे वाद्यांची आणि गाण्याची साथ देतात.

हा खेळ करणारी जमात मंडिकर म्हणून ओळखली जाते. त्यांच्या नावापुढे ‘राव’ लागतो. पडद्यावर ते तमिळ बोलतात, घरी मात्र मराठी बोलतात. तंजावरच्या मराठ्यांच्या अमदानीत त्यांचे पूर्वज इकडे आले अशी परंपरा आहे. अलीकडच्या काळात त्यांची कुटुंबे बहुतांशी मदुरेच्या व कन्याकुमारीच्या बाजूस आढळतात, आणि खेळावर पोट भरणारी घरे फारच थोडी उरली आहेत.

माझ्या आजीने हा खेळ पाहिला होता. 1942-43 च्या सुमारास, ती दहा-अकरा वर्षांची असताना, कावेरीच्या वाळवंटाजवळ एक मंडळी उतरली होती. दहा रात्रींपैकी सहा रात्री आजीला जाऊ दिले. त्यातली इंद्रजिताच्या युद्धाची रात्र तिला अखेरपर्यंत आठवत होती. बाण पडद्याच्या दोन्ही टोकांकडून निघत, मध्यभागी एकमेकांस भिडत आणि खाली पडत. त्या रात्री लघवीच्या निमित्ताने ती उठली आणि पडद्याच्या मागच्या बाजूस गेली. तेथे खेळ्याची बायको मांडीवरच्या मुलाला दटावीत होती. ते शब्द आजीला समजले. “आपल्यासारखी होती, पण अगदी आपली नव्हे,” असे ती सांगे. “पुढून सगळा रावण तमिळ, आणि पडद्यामागे आपली भाषा रे!” घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. देशस्थांच्या घरात बाहुल्यांच्या खेळ्यांशी भाषेचे नाते जोडणे कोणास रुचले नसावे.

हा खेळ तमिळ देशापुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या ह्या तिन्ही कला सांभाळल्या. तेथील परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. त्यात दिव्याच्या साहाय्याने चित्रे पडद्यावर हलत आणि निवेदक मराठीतून कथा सांगे. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा चित्रपट केला. निर्जीवाला पडद्यावर चालविण्याची हौस मराठी माणसाला पुरातन काळापासून आहे, एवढे ह्यावरून दिसते. मूकपटाला तर भाषेचा प्रश्नच नव्हता. फाळक्यांच्या ‘लंकादहना’तील हनुमंत 1917 साली ज्या उड्या मारीत होता, त्या मुंबईत व मद्रासेत सारख्याच कळत होत्या.

मद्रासला दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1975 रोजी. आमच्या रस्त्यावर पहिला संच आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. 1987 च्या जानेवारीपासून दीड वर्ष रविवारी सकाळी हिंदी ‘रामायण’ चाले तेव्हा मी तीन-चार वर्षांचा होतो. त्यातले मला एकच दृश्य आठवते : दोन बाण आकाशात समोरासमोर येतात आणि त्यांच्या टोकांतून ठिणग्या उडतात. आजी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, “हे मी पाहिले आहे.” मला वाटले, आजी खोटे बोलते.

माझी खरी दीक्षा झाली ती केबलच्या काळात. कार्टून नेटवर्क ही वाहिनी 1 मे 1995 रोजी भारतात आली. दिवसा कार्टून असत आणि रात्री तिच्याच जागी जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत. आमच्या घरी ती वर्षभराने पोहोचली. सर्व काही इंग्रजीत होते आणि माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकाबाहेर पाऊल टाकण्याइतके धीट नव्हते. तरीही ‘स्वॅट कॅट्स’ ह्या मालिकेने मला वेड लावले. दोन मार्जार-वैमानिक, नगररक्षकांच्या दलातून काढून टाकलेले, नुकसानभरपाई म्हणून भंगाराच्या आवारात राबणारे. त्याच भंगारातून ते एक लढाऊ विमान उभे करतात आणि मुखवटे चढवून, ज्या नगराने त्यांना हाकलले त्याच नगराचे रक्षण करतात. संवादांतील निम्मे शब्द मला कळत नसत. अन्याय मात्र पूर्ण कळत असे. शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून मी संचापुढे बसत असे आणि वर्गातील चार मित्र खिडकीच्या गजांपाशी उभे राहात.

ह्या भक्तीला लागलीच दुःखे चिकटली. तेच ते भाग फिरून फिरून दाखवीत. पुन्हा पाहण्यास माझी हरकत नव्हती, पण नवा भाग केव्हा येणार हे कोणास विचारावे? केबलवाल्यास विचारले तर तो हसे. एकदा त्याने सबंध महिनाभर ती वाहिनी दुसऱ्याच क्रमांकावर सरकविली आणि तिच्या जागी कसला तरी बाजारभाव दिसू लागला. आम्ही पाच मुलांनी त्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहण्याचा निश्चय केला. त्याप्रमाणे उभे राहिलो आणि परत आलो. नव्या भागाची वाट मात्र मी दोन वर्षे पाहिली. पुढे कितीतरी वर्षांनी मला समजले की ‘हॅना-बार्बेरा’ने काढलेली ही मालिका अमेरिकेत 1995 च्या जानेवारीतच संपली होती, काही भाग अर्धवट राहून गेले होते, आणि त्यानंतर चार महिन्यांनी ती वाहिनी भारतात अवतरली होती. ज्या युद्धाच्या पुढच्या बातमीसाठी मी रोज धावत घरी येत होतो, ते युद्ध मी त्याचे नाव ऐकण्यापूर्वीच बंद पडले होते.

दुसरा अनुभव ‘सामुराई जॅक’चा. कालप्रवाहात फेकला गेलेला एक योद्धा स्वतःच्या काळाकडे परतण्याची वाट शोधतो, एवढीच कथा. 2001 साली सुरू झालेली ही मालिका 2004 मध्ये थांबली. योद्धा घरी पोहोचला नव्हता. त्याचे घरी जाणे 2017 मध्ये, पाचव्या पर्वात, दाखविण्यात आले. मध्ये तेरा वर्षे गेली; रामाच्या वनवासाला एक वर्ष कमी. तोवर मी शाळकरी मुलाचा नोकरदार गृहस्थ झालो होतो. तरीही शेवटचा भाग मी दार लावून पाहिला.

ह्या मालिका कशा बनतात हे मी पुढे वाचले आणि मला माझ्या आजीच्या बाहुल्या आठवल्या. चित्रपटाच्या एका सेकंदास 24 चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीसाठी निराळे चित्र काढणे दूरचित्रवाणीच्या पैशांत परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा 1957 साली स्थापन झालेल्या हॅना-बार्बेरा संस्थेने काटकसरीची एक रीत बसविली. पात्राचे धड स्थिर ठेवावयाचे आणि डोके, हात किंवा ओठ तेवढेच हलवावयाचे. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय असतो तो ह्याच कारणाने : कॉलरच्या खालचे चित्र तसेच राहते, वरचे डोके बदलते, आणि सांधा दिसत नाही. कातडी बाहुलीचा कारागीरही हेच करतो. धड एका तुकड्याचे असते. हात खांद्यापाशी निराळा शिवलेला असतो. सांधा दागिन्याखाली लपतो. लढाईच्या वेळी एक हात उगारला गेला म्हणजे सारे शरीर त्वेषाने पेटल्याचा भास होतो. बाकीचे काम पाहणाऱ्याचे मन करते. समोरच्या मुलाचे मन फुकट राबते, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते.

पण एक फरक होता, आणि माझ्या तक्रारींचे मूळ त्या फरकात होते. बाहुलीवाल्याला समोरच्या माणसांचा आवाज ऐकू येत असे. तोलपावैकूत्तूत उच्चिकुडुंबन आणि उळुवैतलैयन अशी दोन विदूषकी पात्रे आहेत. रामायणात त्यांना मुळीच जागा नाही. खेळ्या त्यांना हवे तेव्हा आत सोडतो. गावची पाणीटंचाई, गावच्या पुढाऱ्याचा कंजूषपणा, कालच्या रात्री कोण लवकर उठून गेले, हे सारे त्यांच्या तोंडी येते. लोक रंगले तर लढाई लांबते, लोक पेंगले तर विदूषक येतात. आजी सांगे की इंद्रजिताच्या रात्री मुलांनी आरडाओरडा केला तेव्हा बाण पुन्हा एकदा सोडण्यात आले. माझ्या ओरडण्याने मात्र कधीच काही घडले नाही. माझा पडदा अधिक तेजस्वी होता, अधिक वेगवान होता, आणि बहिरा होता. नवा भाग का येत नाही, वेळ का बदलली, आवडत्या पात्राचा आवाज एकाएकी निराळा का झाला, हे सर्व प्रश्न पडद्यामागे कोणी नसल्यामुळे तसेच राहात.

यानंतर तमिळ भाषेने त्या पडद्यात प्रवेश केला. 2006 मध्ये तमिळनाडू सरकारने गरीब कुटुंबांस रंगीत दूरचित्रवाणी संच विनामूल्य देण्यास आरंभ केला. ज्या घरांत कपाट नव्हते तेथे संच आला. 2007 च्या एप्रिलमध्ये ‘चुट्टी टीव्ही’ ही केवळ मुलांसाठी असलेली तमिळ वाहिनी सुरू झाली. 2011 मध्ये सरकारी केबल महामंडळाने दरमहा 70 रुपयांत जोडणी देऊ केली. ह्या तीन गोष्टींनी मिळून जे घडविले ते पूर्वी कधी घडले नव्हते : रिक्षावाल्याचे मूल आणि वकिलाचे मूल एकाच संध्याकाळी, एकाच भाषेत, एकच लढाई पाहू लागले. ती लढाई होती ‘जॅकी चॅन ॲडव्हेंचर्स’. 2000 ते 2005 ह्या काळात अमेरिकेत तयार झालेले तिचे 95 भाग तमिळमध्ये आले. संवाद लिहिणाऱ्यांनी शब्दशः उल्था केला नाही, रस्त्यावरच्या तमिळचा ठसका त्यात भरला. सॅन फ्रान्सिस्कोतील जुन्या वस्तूंच्या दुकानात बसलेला चिनी म्हातारा कुंभकोणमच्या पेठेतील एखाद्या तिरसट मामासारखा बोलू लागला. तमिळनाडूत एक पिढी त्याची नक्कल करीत वाढली आहे.

त्या पिढीत माझा भाचा होता. माझे वय एव्हाना पंचविशीपुढे गेले होते, तरी त्याच्या शेजारी बसून मीही ती मालिका भक्तिभावाने पाहात असे. परंतु एके दिवशी माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. तो खेळताना तमिळमधून लढे. शत्रूला आव्हान द्यावयाचे ते तमिळमधून, घाव घालावयाचा तो तमिळमधून, जखमी व्हावयाचे तेही तमिळमधून. भूक लागली, म्हणजे मात्र मराठी. त्यात त्याचा दोष नव्हता. मी स्वतःच्या बोलण्याची झडती घेतली तेव्हा आढळले की माझीही तीच गत होती. आमच्या घरच्या मराठीत जेवणाचे शब्द होते, सोवळ्याओवळ्याचे होते, आजारपणाचे, नात्यागोत्याचे आणि रागावण्याचे होते. लढाईचे शब्द उरले नव्हते. जी भाषा ह्या मुलखात घोड्यावर बसून, सैन्याबरोबर आली, तिच्यातून आधी तलवारी गळून पडल्या होत्या. ती स्वयंपाकघरात सुरक्षित होती. पण मुलाच्या अंगावर काटा उभा करील असे तिच्याजवळ काही राहिले नव्हते.

2012 हे वर्ष तमिळनाडूच्या लोकांना विजेच्या टंचाईमुळे आठवते. चेन्नईबाहेरील जिल्ह्यांत दिवसाचे कित्येक तास वीज जाई. अशाच एका संध्याकाळी जॅकी चॅनच्या मालिकेत मोठा प्रसंग चालला होता आणि पडदा काळा झाला. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने आधी जमिनीवर पाय आपटले, मग रडावयास सुरुवात केली. आजी, म्हणजे त्याची पणजी, ऐंशी वर्षांची होती. मोतीबिंदूमुळे तिला संच दिसत नसे, नुसता गोंगाट ऐकू येई. तिने कंदील लावण्यास सांगितले आणि त्याला जवळ बोलावून म्हणाली, “रडतोस कशाला? आतापर्यंत काय झाले ते मला सांग.”

तो तमिळमधून सांगू लागला. आजीला तमिळ उत्तम येत असे, तरी ती म्हणाली, “मला कळत नाही, आपल्या भाषेत सांग.” तो अडखळला. मालिकेत एका असुराची शक्ती बारा जादूच्या खड्यांत वाटली गेली आहे. चिनी वर्षगणनेतील बारा प्राण्यांचे बारा खडे. त्या वस्तूला मराठीत काय म्हणावे हे त्याला ठाऊक नव्हते. “गळ्यात बांधतात तसे?” आजीने विचारले. “मग ताईत म्हण.” ताईत हा शब्द त्याला आवडला. सशाचा ताईत वेग देतो, बैलाचा बळ देतो, सापाचा माणसाला दिसेनासे करतो. “गुप्त करतो,” आजी म्हणाली. असुराचे प्राण असे दुसऱ्या वस्तूत ठेवलेले असतात हे तिला मुळीच नवे नव्हते. महिरावणाची गोष्ट तिच्या ओठांवर होती. मग लढाई आली. येथे त्याला पदोपदी शब्द लागू लागले आणि ती ते देऊ लागली : झुंज, वार, हूल, चकवा, मुसंडी. ह्यातले दोन-तीन शब्द मी तिच्या तोंडून त्यापूर्वी कधीच ऐकले नव्हते. ते इतकी वर्षे तिने कोठे ठेवले होते कोण जाणे.

शेवटी त्याने उंदराच्या ताइताविषयी सांगितले. तो निर्जीव वस्तूला हालचाल देतो. आजीने विचारले, “कातड्याच्या बाहुलीलासुद्धा?” भाचा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “हो, तिलासुद्धा.” आजी हसली व तिने कावेरीच्या वाळवंटातील ती रात्र, ते बाण आणि पडद्यामागे ऐकलेली ती भाषा, हे सर्व त्याला सांगितले. वीज रात्री उशिरा आली. तोपर्यंत मालिकेचा भाग संपून गेला होता. पुढे काय झाले हे त्या दोघांनी मिळून आधीच ठरवून टाकले होते. तो भाग पुढे पुन्हा लागला तेव्हा भाच्याची तक्रार अशी की, पणजीने केलेला शेवट जास्त चांगला होता.

आजी 2016 च्या महामहमानंतर काही महिन्यांनी गेली. भाचा आता विशी ओलांडून बंगळूरला नोकरी करतो. कार्टून तो अजून पाहतो; हातातल्या फोनवर पाहतो, त्यामुळे केबलवाल्याशी, वेळापत्रकाशी आणि बहुतांशी विजेशीही त्याचे भांडण मिटले आहे. भाषेचे मिटलेले नाही. मराठीत काहीच येत नाही असे म्हणता येणार नाही. 2021 साली निघालेल्या ‘ईटीव्ही बाल भारत’ ह्या वाहिनीत अनेक भाषांबरोबर मराठीही होती. परंतु ‘द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा 1992 चा जपानी कलावंतांनी व राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणपट 2025 च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांत आला, तेव्हा तो इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत होता. मी तो तमिळमध्ये पाहिला. युद्धाची दृश्ये अप्रतिम आहेत. बाण आकाशात भिडतात.

तमिळने आमच्यावर अन्याय केला असे मला कदापि वाटत नाही. ज्या गावाने साडेतीनशे वर्षे आश्रय दिला, त्या गावाची भाषा आमच्या मुलांच्या खेळात शिरली तर तिचे स्वागतच केले पाहिजे. मंडिकरांनीही तेच केले. समोरच्यांना कळेल ती भाषा त्यांनी पडद्यावर आणली. पण पडद्यामागे, स्वतःच्या मुलाशी बोलताना, त्यांनी आपली भाषा ठेवली, आणि तीही कोणी राजाश्रय न देता, वाळवंटात, दिव्याच्या धुरात. परप्रांतांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी वाहिनी केव्हा निघेल, कोणती मालिका मराठीत केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. बहिऱ्या पडद्याशी मी तीस वर्षे भांडून पाहिले आहे. मूल जे पाहते ते त्याला घरच्या भाषेत सांगावयास लावणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी वीज जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. एका नव्या जपानी मालिकेविषयी तो मला सांगत होता. बोलणे मराठीत चालले होते, मध्ये तमिळ, मध्ये इंग्रजी. द्वंद्वयुद्धाचे वर्णन करताना तो म्हणाला, “आणि मग त्याने अशी हूल दिली...” हा शब्द त्याने कोठून घेतला हे त्याला आठवत नसावे. मी विचारले नाही. मला पुढे काय झाले ते ऐकावयाचे होते.